मेमरीला लावलेलं कुंकू

त्या दसऱ्याला माझा असा संताप संताप झाला होता, की आजही आठवलं तरी कानशिलं तापतात.

हुबळीच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी आणि भांडणात दोन्ही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे, तिथं मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. त्यासाठीचा कॉम्प्युटर मी माझ्या हातानं जोडलाय. मदरबोर्डपासून पंख्यापर्यंत एकेक वस्तू निवडून आणली. मेमरीच्या पट्ट्या तर मुद्दाम जुळ्या घेतल्या, दोन्ही बत्तीसशेच्या वेगाच्या. एक हळू असली की दुसरीलाही तिच्याच चालीनं चालावं लागतं, म्हणून. लग्न होऊन या घरात आल्यापासून 'माझं' म्हणावं असं एवढंच: ती खोली आणि ते यंत्र.

त्या खोलीवर थोरल्या दिरांचा डोळा. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दिवाळीचा माल ठेवायला जागा नाही, हे त्यांचं कायमचं पालुपद. "तुझा तो डबा काय, कुठंही बसेल की," असं जेवताना हमखास ऐकवायचे.

आता आमच्याकडं आयुधपूजा म्हणजे सगळ्या घरादाराची पूजा. कात्र्या, मीटरपट्ट्या, शिलाई मशीन, स्कूटर, इस्त्री, अगदी मिक्सरसुद्धा धुऊनपुसून मांडायचा आणि गंध, हळद-कुंकू, झेंडू. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू? सकाळीच कॉम्प्युटरच्या पेटीला बाहेरून कुंकू लावून, नमस्कार करून मी माहेरी केलगेरीला गेले.

दुसऱ्या दिवशी परतले, बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळा तो काळाच. एरवी चालू होताना एक छोटी शिटी वाजते, म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी लांबलचक शिटी, जरा थांबून पुन्हा लांबलचक शिटी. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि डिस्क. जिथं गाडं अडतं, तिथला दिवा पेटून राहतो. मेमरीचा पेटला होता. कुठं दुखतंय ते यंत्र स्वतःच्या तोंडानं सांगत होतं.

"कुणी हात लावला का हो याला?" मी जिन्यातून विचारलं.

"कोण लावणार?" खालून अण्णा म्हणाले.

मी पेटी उघडणार, एवढ्यात अण्णा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला घेऊन वर हजर! त्यानं शिटी ऐकली न ऐकली, आणि अण्णांना कानडीत सांगून टाकलं की बोर्ड गेला, नवीन घ्या.

"अहो, मेमरीचा दिवा लागलाय, दिसत नाही का?" मी म्हटलं.

"दिवे काय, लागतच असतात," हेही तो अण्णांकडं बघूनच म्हणाला. यंत्र माझं, प्रश्न माझा आणि उत्तर अण्णांना. मी काय तिथं कपाट होते?

"चला, सुटला प्रश्न," अण्णा म्हणाले. "बंद पडलेल्या डब्याला खोली कशाला?" दुरुस्तीवाला जिना उतरतोय तोवर साड्यांचे गठ्ठे वर यायला लागलेसुद्धा. एक माझ्या खुर्चीवर, एक टेबलावर. आमचे हे दारात उभे राहून आपलं "बघू की, बघू की." काय बघू? बायकोच्या डोक्यावर गठ्ठे रचतात ते?

मी कुणाकडं न बघता पेटीची काच काढली आणि मेमरीची पट्टी उपसली. अगं बाई! खालचे सोनेरी दात लालभडक. दाताला हळद, दाताला कुंकू, वर अक्षतेचा दाणा चिकटलेला. दुसरीचीही तीच गत. मी पट्टी हातात धरून सासूबाईंना हाक मारली. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो.

"अगं, पेटीला बाहेरून कुंकू लावायचं म्हणजे देवळाच्या भिंतीला लावून परत यायचं," अव्वा म्हणाल्या. "म्हटलं, आतल्याला लावू. या पट्ट्यांना सोनं दिसलं, म्हणून ताटात घेऊन नीट पूजा केली. चुकलं का गं काही?"

त्यांच्यावर काय रागवायचं? "काढल्या कुणी आणि परत बसवल्या कुणी?" मी विचारलं.

"अण्णानं की."

कोण लावणार, म्हणे! स्वतःच्या हातानं उपसल्या, कुंकवासकट ठोकून बसवल्या आणि वर माझ्या खोलीत गठ्ठे. चोर तो चोर, वर शिरजोर! अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

खोडरबरानं मी दात घासून काढले, खाचा कोरड्या ब्रशनं झाडल्या, आणि कट् आवाज येईपर्यंत दोन्ही पट्ट्या दाबून बसवल्या. बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. पाठीमागं अण्णांचं खाकरणं. मग वाजली एकदाची ती छोटी शिटी. अव्वांनी हात जोडले.

पडद्यावर मेमरीचा वेग मात्र दिसला एकवीसशे तेहतीस. असा धक्का बसला की बोर्ड घाबरून सावध चालीवर येतो, त्याला पुन्हा सांगावं लागतं. मी सेटिंगमध्ये शिरले.

"चालतंय ना? मग आता काय खाजवत बसलीस?" अण्णा म्हणाले.

चालतंय ना, मग झालं! बाईच्या जातीनं एवढ्यावरच समाधान मानायचं. मी बत्तीसशेवर आणलं, मगच हात थांबवला.

तर अण्णांचा चेहरा एकदम खुलला. "बरं झालं. मग हे आता दुकानातच नेऊ. आपला बिलाचा कॉम्प्युटर रडतोय आणि सणाची गर्दी. तू दुकान बंद झाल्यावर खाली येऊन बसत जा की."

म्हणजे मेलं तर खोली जाणार आणि जगलं तर यंत्र जाणार! माझा आवाज असा चढला की खालची गिऱ्हाइकं वर बघायला लागली असतील. "नेऊन तर बघा, अण्णा! एक वायर काढून दाखवा. मी जोडलंय, मीच दुरुस्त केलंय, आणि ते इथंच राहणार."

अव्वा आपल्या मुलांशी कायम मराठीत बोलतात. कानडी काढतात ती फक्त हमालांशी. माझ्या खुर्चीवरच्या गठ्ठ्याकडं बोट दाखवून त्या थोरल्या लेकाला म्हणाल्या, "गंट तगो. केळग नडी." गठ्ठा उचल, खाली चल.

अण्णांनी मान खाली घालून तो उचलला. टेबलावरचा आमच्या ह्यांनी उचलला.