सहाव्या डिशचा पेन्सिलठसा

आधीच सांगते, मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केलेली बाई आहे. भूतखेत, भास, अंगात येणं... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी विचारायचे, "तेव्हा तुमचा चष्मा कुठे होता?" आमच्या घरात बाबांनी असल्या गोष्टींना कधी थारा दिला नाही. तरीही हे लिहितेय, कारण ती वस्तू अजून माझ्या कपाटात आहे.

मला जुन्या साच्यातल्या काचेच्या भांड्यांचा नाद आहे. लोक त्यांना सरसकट 'कट ग्लास' म्हणतात आणि मी दर वेळी चिडते. कट ग्लासची नक्षी बोटाला टोचते. साच्यात दाबून केलेल्या काचेच्या कडा बोथट असतात आणि बाजूला साच्याच्या सांध्याची बारीक रेघ हाताला लागते. भिवंडीतल्या भंगारवाल्यांकडून मी अशा कितीतरी वाट्या, बश्या जमवल्या. नक्षीची खरी नावं कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून मीच ठेवली – करवंद, चटई, खिडकी. ओळख पटवायला भांड्याच्या तळाला कागद लावून वरून पेन्सिल घासायची, आपण नाण्याचा ठसा घेतो तशी. आमचा नेहमीचा भंगारवाला म्हणायचा, "मॅडम, लोग सोना ढूंढते हैं, आप पुराना काच." त्याला काय माहीत, मी खरं तर एकच डिश शोधत होते.

१९८२ साल. मी चौथीत. भिवंडीतल्या आमच्या चाळीच्या मागेच कापडाचे लूम होते, त्यांच्या खडखडाटात सगळेच मोठ्यानं बोलायचे. लाइट गेली की लूम थांबायचे आणि आपण ओरडतोय हे तेव्हा कुठे लक्षात यायचं. आईकडे सहा काचेच्या डिश होत्या, बोहारणीला दोन चांगल्या साड्या देऊन घेतलेल्या. तळाला सोळा टोकांची चांदणी. बुद्धपौर्णिमेची खीर फक्त त्यांतच वाढायची.

शेजारच्या खोलीत हिरामावशी राहायची, खारबावची. आई आणि ती म्हणजे एक जीव. त्या वर्षी आईनं तिच्याकडे डिश भरून खीर पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी डिश परत द्यायला आली तेव्हा मी एकटीच घरी होते. रिकामं भांडं परत करू नये म्हणून तिनं त्यात साखर घातली होती. ती मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. मग चांदणीचा ठसा घ्यायचं मनात आलं. ठसा छान उमटला... आणि डिश हातातून निसटली. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून मी मागच्या पडक्या विहिरीत टाकले.

संध्याकाळी आईनं विचारलं, "हिरानं डिश आणून दिली का गं?" मी म्हणाले, "नाही."

एवढंच. पण त्या 'नाही'वरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मावशी शपथा घेत होती, मी पलंगाखाली लपले होते. भांडण ऐन रंगात आलं आणि लाइट गेली. लूम थांबले, आणि आईचं "चोरटी कुठली" सगळ्या चाळीनं ऐकलं. त्याच महिन्यात मावशीचं बिऱ्हाड गावी गेलं. त्यानंतर आई पाचच डिश मांडायची आणि स्वतः स्टीलच्या वाटीत खीर घ्यायची. मला ते बघवायचं नाही. पण तोंड उघडायची हिंमत चौदा वर्षांत झाली नाही.

१९९६ च्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरीच पलंगावर पायाला वजन लावून ठेवलेलं, कूस बदलायची तरी मी लागायचे. झोपेत ती दोनतीनदा "हिरा" म्हणाली. माझ्यानं राहवेना. रविवारी सकाळी शेजारणीला आईजवळ बसवलं आणि कबुली द्यायला खारबावला गेले.

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला ओळखलं, आत गेली आणि बाहेर आली ती हातात डिश घेऊन. सोळा टोकांची चांदणी. साखरेनं भरलेली.

"मीच येनार व्हते परत द्यायला. बरं झालं तू आलीस."

"ही कुठून आणलीस मावशी?"

"आनायची कुठून? मंगळवारी तुजी आय न्हाय का आली, खीर घेऊन? इलायची जास्तच, नेहमीसारखी."

मंगळवारी मी रजेवर होते. दिवसभर आईच्या उशाशी. दुपारी ती इतकी गाढ झोपली की चहालाही उठली नाही. मी मावशीला म्हणाले, "आईला पलंगावरून उठता येत नाही गं." तिनं ओट्यावरची शेजारची जागा थोपटली. "चालत आली व्हती की. हितं बसली व्हती."

मग मी रडत रडत म्हणाले, "मावशी, ती डिश मी फोडली होती."

"ठावं हाय. आय सांगून गेली. पोर भ्याली व्हती, म्हंगाली." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि चपला घातल्या. आम्ही दोघी भिवंडीला आलो.

दुसऱ्या दिवशी मी चौथीतला तो कागद काढला, नवा ठसा घेतला, दोन्ही शेजारी ठेवले. साच्यातला दोष त्या साच्याच्या प्रत्येक नगात येतो – सहाही डिशच्या चांदणीचं एक टोक वाकडं होतंच, त्यानं काही सिद्ध होत नाही. पण टवका ज्याचा त्याचा असतो. फुटलेल्या डिशच्या ठशात, वाकड्या टोकापासून पाचव्या टोकाला टवका होता. या डिशलाही आहे. तिथंच, तेवढाच. आता म्हणाल, मावशीला दुसरी डिश मिळाली असेल, टवका योगायोगानं जुळला असेल, मंगळवारचं तिला स्वप्न पडलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. आई बरी झाल्यावर तिलाही विचारलं. "मी कुठे जाणार त्या पायानं?" म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. माझ्या वहीत प्रत्येक नगापुढे 'कुठून मिळाली' असा रकाना आहे. या डिशपुढचा तो अजून कोरा आहे.

पण त्या रविवारचं एक राहिलंच. मावशी खोलीत शिरली आणि आईनं नुसता हात पुढे केला. मावशी पलंगावर टेकली. दोघी कितीतरी वेळ हात धरून रडल्या, मीही दारात उभी राहून रडले. मग आईनं डिश मागितली, तळाखालून बोटं फिरवली, साखरेकडे बघितलं आणि माझ्याकडे मान वळवली. चौथीत त्या डिशमधली साखर मी खाल्ली होती, हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मावशीलाही नाही.

"या वेळी साखर खाल्ली नाहीस ना गं?"

मी म्हणाले, "नाही." या वेळचं खरं होतं.