‘माल सुस्थितीत मिळाला’

त्या पिशवीची गाठ मी त्याला माझ्यासमोर सोडू दिली नाही, हे आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ते प्रकरण काही पिच्छा सोडत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. निवडणुकीचा बंदोबस्त चालू होता. ड्रोन, पॅराग्लायडर वगैरे उडवायला मनाई असल्याचा आदेश निघालेला. अशात एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, एक जन टेकडीवरून छत्री घेऊन उड्या मारून राह्यला. बकऱ्या बुजून राह्यल्या."

गेलो. जवळच्याच गावचा पंचविशीतला तरुण, हिमाचलात दोन हंगाम काम करून आलेला. त्याच्या खेळाला स्पीड फ्लाइंग म्हणतात. छत्री लहान, म्हणून वेग दांडगा. यात वर तरंगायचं नसतं. उताराला धरून, जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवरून खाली सुटायचं.

"आणि बिघडलं तर?" मी विचारलं.

"तर येळच नाही भेटत, साहेब. इतक्या खाली दुसरी छत्री उघडतच नाही. म्हनून दोऱ्या पायल्याबिगर मी उडत नाही."

आमच्या टेकड्या त्या कामाच्या नव्हेत, हे त्यालाही कळत होतं. चढायला पाऊण तास, उतरायला अर्धं मिनिट. खाली सागवान, मग बांध, मग विजेच्या तारा. दहा वाजले की वारा फिरतो. "पन घर इथं हाय, तं डोंगर कुठून आनू?" म्हणाला. पोरगा मला आवडला. तरी आदेश तो आदेश. छत्री जप्त केली, गुन्हा नोंदवला.

तीन महिन्यांनी न्यायालयाच्या हुकमाने तो माल न्यायला आला. मुद्देमाल कारकुनाने खोलीतून पिशवी आणून टेबलावर आपटली. सुपूर्तनाम्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे वाक्य आधीच लिहिलेलं असतं. आमच्याकडे पद्धतच ती, आधी सही, मग माल.

"साहेब, एकडाव उघडून पाहू?"

"घरी जाऊन पाहा. मला मीटिंग आहे." त्याने मुकाट्याने सही केली.

आठवड्याच्या आत तो टेकडीवरून पडला. कंबरेचं हाड मोडलं, नागपूरला हलवलं. भावाने फिर्याद दिली की दोऱ्या कोणीतरी मुद्दाम कापल्या. संशय कोणावर, हे सगळं गाव सांगायला तयार होतं. टेकडीच्या पायथ्याशी बकऱ्या चारणारा एक म्हातारा होता. छत्रीच्या सुसाट्याने त्याची गाभण बकरी बुजून पडून मेली होती आणि "तुही छत्रीच फाडतो एक दिवस," असं तो चारचौघांत बोलून बसला होता. त्यात पडायच्या आदल्या दिवशी पिशवी त्याच्याच झोपडीजवळ ठेवून तो तरुण जेवायला गेला होता. डहाळ्या तोडायचा कोयता तर म्हाताऱ्याच्या हातात कायमचाच.

मी त्याला उचलून आणला. अंगाला हात लावला नाही, पण दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवला. तेच तेच प्रश्न, फिरवून फिरवून.

"मी काहून कापू, साहेब? मानूस मरते ना त्याच्यानं."

"मग बोललास कशाला?"

"बकरी मेली तं तोंडातून निंगते. तोंड कापून घ्या माहं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अपघातानंतर ठाण्यात आणलेली छत्री व्हरांड्यात पसरायला लावली. आंबूस वास आला. मोहफुलांचा. कापडाच्या घडीत सुकलेली चार फुलं आणि उंदराच्या लेंड्या. दोऱ्यांची टोकं सरळ कापलेली नव्हती, धागा धागा कुरतडलेला होता. माझा हवालदार उकिडवा बसून बघत होता. हळूच म्हणाला, "साहेब, मोहाची पोती आपल्याच मुद्देमालाच्या खोलीत होती."

दारूच्या छाप्यातली ती पोती त्याच पिशवीवर रचलेली. मी दवाखान्यात जाऊन त्या तरुणाला विचारलं. तो म्हणाला, "हाताजवळच्या दोऱ्या पायल्या. वरच्या राह्यल्या. वारा फिरून राह्यलता, घाई केली." त्याने स्वतःची चूक सांगून टाकली. मी माझी सांगितली नाही.

अहवालात लिहिलं: दोरी तुटल्याने अपघात, घातपात नाही. दोरी कुठे आणि कशाने तुटली, ते लिहिलं नाही. कारकुनाच्या निवृत्तीला वर्षच राहिलंय, त्याला कशाला अडकवायचं, असं मी मनाला सांगत होतो. खरं तर मला माझीच कातडी वाचवायची होती.

म्हाताऱ्याला सोडताना त्याने विचारलं, "मंग कोनं कापली, साहेब?"

"कोणी नाही. जा आता घरी."

पण पोलिसांनी दोन दिवस बसवलं म्हणजे काहीतरी असणारच, असं गावाने धरलं. त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. हे मला बदली झाल्यावर कळलं, आणि कळूनही मी गप्प राहिलो.

गेल्या हिवाळ्यात त्या गावी गेलो. म्हातारा टेकडीखालीच भेटला. त्याला मोह, उंदीर, सही, सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने पुढे गेलेली बकरी वळवली आणि म्हणाला,

"मले सांगून काय होते, साहेब? मी नाही कापली हे मले तं माईतच होतं. गावाले सांगा."

त्याच्या मागोमाग पारापर्यंत गेलो. पाच-सात जण बसले होते. उभा राहून पहिल्यापासून सांगितलं. नोकरीत शेकडो जबाब घेतले, पण स्वतःचा जबाब देताना जीभ कशी जड होते, ते त्या दिवशी कळलं. लेखणी हातात असलेला माणूस जे गाळतो, त्याची शिक्षा दुसराच कोणी भोगतो, एवढं मी या प्रकरणातून शिकलो आणि फार उशिरा शिकलो.

एकाने विचारलं, "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"नोकरी वाचवत होतो," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो बकऱ्यांकडे निघून गेला.