दोन फिके पिवळे

शिवणकामाच्या खोलीसाठी निवडलेले दोन पिवळे रंग दुकानाच्या रंगकार्डावर शेजारशेजारी होते. मला ते जुळेच वाटले. पण निवड चुकून चालणार नव्हती. एकदा यंत्रात कालवलेला रंग दुकानदार परत घेत नाही, आणि खोली उत्तरेकडची, अंधारी. तिथे बायकोनं एका पांढऱ्या सदऱ्याला पांढरा समजून मोतिया दोरा लावला आणि सगळी शिवण उसवावी लागली. तेव्हापासून ती शाळेच्या सदऱ्यांना नाही म्हणू लागली. मलकापुरात तिचं निम्मं काम तेच.

दार-खिडकी वजा जाता भिंती चारशे तीन चौरस फूट भरल्या. दोन नमुना डब्या आणल्या आणि भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. तीन दिवस, रोज चार वेळा, दहापैकी गुण दिले. त्यातल्या जरा गडद पिवळ्याला एकूण सत्त्याऐंशी, फिक्याला एकसष्ट. फिका हिरवट दिसत होता.

कामाला ठरवलेला रंगारी ते बघून हसला. "भाऊ, रंग लावता का परीक्षा घेऊन राह्यले?"

बायको मात्र चौकोनाजवळ गेली. मग म्हणाली, "अहो, या भिंतीले दर दिवाळीले आपन नीळ घातलेला चुना देतो. रंगाच्या पातळ हातातून ते नीळ खालून दिसून राह्यली. रंग पाहाचा तर पांढऱ्या कागदावर पाहा लागते, अन् समोर दोरे ठेवून."

मी वहीतलं गुणांचं पान फाडलं. दोन पांढरे ड्रॉइंग पेपर आणले, प्रत्येकावर एकेका रंगाचे दोन-दोन हात दिले, वाळू दिले. संध्याकाळी सहाला, दिवा न लावता, तिनं प्रत्येकापुढे एक पांढरं आणि एक मोतिया रीळ ठेवलं. मी दारात, बारा फुटांवर उभा होतो.

गडद पिवळ्यापुढे दोन्ही रिळं मोतिया दिसत होती. फिक्यापुढे पांढरं ते पांढरं. हिरवटपणाचा मागमूस नव्हता.

"दिसते," मी म्हणालो. "मले इथून फरक दिसते!"

फिक्याचे आठ लिटर लागणार होते, दुकान सातला बंद होणार होतं. मी गाडीची किल्ली शोधत होतो, तोवर तिनं फोन लावलाही होता. कालच शाळेच्या सदऱ्यांसाठी जिला नाही म्हटलं होतं, त्या बाईला सांगत होती, "आना कापड रविवारनंतर, रंग झाला की. पंधराचे पंधरा सदरे घेते."