एकेचाळीस घरांचे ओटीपी

१५ एप्रिल, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. देवासला आमच्या गल्लीत मी दारोदार ओटीपी घेत फिरत होतो.

आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. वॉर्डातल्या एका पक्षाच्या कार्यकर्त्यानं मला लिंक पाठवली... "भिया, पानी की शिकायत है. हर घर का नंबर डालो, ओटीपी भरो, टँकर आ जाएगा." माझी शाळा दहावीला सुटली, पण असली कामं मी नीट करतो. एकेचाळीस घरं, प्रत्येक नंबर दोनदा तपासला. लिंकच्या तळाशी बारीक अक्षरात काय होतं, तेवढं वाचलं नाही.

सुमनआत्या सरकारी शाळेत शिकवते, मतदार यादीचं कामही तिच्याकडे आहे. शाळेला निघायच्या घाईत ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तूच बघ रे फोनमध्ये, माझे हात पिठाचे आहेत."

संध्याकाळी टँकर आला. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या ग्रुपवर पक्षाच्या एकेचाळीस नव्या सदस्यांची यादी आली... ती तक्रार नव्हतीच. सरकारी नोकराला पक्षात जाता येत नाही. विरोधकांनी आत्याच्या नावाचा स्क्रीनशॉट वर तहसीलला पाठवला. शुक्रवारी तिला नोटीस मिळाली. तीन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर निलंबन.

सदस्यता रद्द करायला मी तिच्याकडे गेलो. त्यालाही ओटीपी लागत होता. तिनं फोन पालथा ठेवला. "आता नाही सांगायची," एवढंच म्हणाली.

मग ओटीपी पाण्याची तक्रार म्हणून घेतले होते, असा लेखी जबाब द्यायचं ठरवलं. सह्यांसाठी पुन्हा तीच दारं. समोरचे काका म्हणाले, "आमचं नाव कशाला घालतोस? टँकर बंद होईल. राहू दे ना पार्टीत, मत देताना कोण बघतंय." एकही सही मिळाली नाही... त्यांना तरी काय बोलणार, त्याच टँकरचं पाणी आमच्याही घरात आहे.

सोमवारी तहसीलमध्ये एकट्याच्या सहीचा कागद दिला. बाबूनं विचारलं, "आप किस पार्टी से हो?" म्हटलं, कुठल्याच नाही. त्यानं मोबाईलवर ती यादी काढून माझ्यापुढे धरली. पहिलं नाव माझंच होतं... सुरुवात मी स्वतःच्या घरापासून केली होती.

कागद त्यानं ठेवून घेतला. निर्णय अजून यायचाय. आत्याचं उत्तर तिथेच फाइलमध्ये दिसलं. त्यात माझं नाव नाही. तिनं एवढंच लिहिलंय, "फोन माझा होता, जबाबदारी माझी आहे."