डाव्या खांद्यावरचा डाग

लग्नसराईत मल्लव्वाक्काच्या लाँड्रीत साड्या येतात त्या गुन्हेगारासारख्या, पिशवीत तोंड लपवून. अक्का साडी ट्यूबलाइटखाली धरते आणि थेट निकाल देते. "लिपस्टिक हाय. जेवून उठलीस आन् पदरानंच तोंड पुसलंस, व्हय का न्हाय?" समोरची बाई लाजते. अक्का डागाखाली जुना पंचा घालते आणि कापडाच्या उलट्या बाजूने टिपत राहते. घासलं की डाग पसरतो, हे तिने मला इतक्यांदा सांगितलंय, की बारावीच्या पेपरात आलं असतं तर मी पहिल्याच वेळी सुटलो असतो.

आमच्या पेठेत सगळ्यांचं तिच्यावाचून अडतं. फरशीवर सांडलेलं नेलपॉलिश, उशीच्या अभ्र्यावरचं काजळ, आरशाला चिकटलेल्या टिकल्यांचा डिंक, सगळ्यावर तिच्याकडे औषध. वळसंगहून लग्न होऊन सोलापुरात आलेल्या या बाईला गर्व म्हणावा तर एवढाच: "माझ्या हाताखालनं डाग वाचत न्हाय."

नवरीच्या आईची साडी मात्र ओळखायला अक्का लागत नाही. ती एकाच जागी मळलेली असते, डाव्या खांद्यावर. पाठवणीला पोरगी आईच्या गळ्यात पडते आणि पार्लरवालीने तीन तास खपून केलेला चेहरा तिथं उतरवून जाते. फाउंडेशन, काजळ, ओठांचा थोडा रंग. नीट पाहिलं तर भुवईसुद्धा कळते.

गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं, अपेक्षाचं, लग्न झालं. चौथ्या दिवशी आईची साडी घेऊन मी अक्काकडे गेलो.

"काय युवराज, बहीण गेली तवा रडलास का न्हाय?"

"मी कशाला? टीव्हीचा रिमोट मोकळा झाला की."

अक्का हसली. साडी उघडली, खांदा बघितला आणि माझ्या हातात परत दिली.

"पंचमीला पोर म्हायेरी येऊन जाऊ दे. मग आण, काढते."

"अक्का, पंचमीला लई दिवस हायत. तवर डाग मुरंल की."

"मुरू दे. मी राबंन जास्त."

"आईला परवा हीच नेसायचीय, मामाच्या घरच्या लग्नात."

"दुसरी नेस म्हणावं."

"असली गिऱ्हाइकं परत लावलीस तर दुकानाला कुलूप लागंल बघ," मी चिडवलं.

एरवी अशा टोमण्याला तिचा टोमणा ठरलेला. या वेळी ती खाली वाकली. इस्त्रीच्या टेबलाखालची ट्रंक ओढून तिने एक मोरपंखी इरकल काढलं. "हे माझं. रेश्माच्या लग्नातलं."

रेश्मा तिची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी होटगीला दिली होती. लग्न मे महिन्यात झालं, आणि पहिल्या पंचमीला आठ दिवस उरले असताना डेंग्यूनं ती गेली. एवढं अख्ख्या पेठेला माहीत होतं.

पुढचं मला त्या दिवशी कळलं. पाठवणी झाली, मांडवाचे बांबू अजून उतरत होते, तोवर अक्कानं साडी बदलून तिच्या खांद्यावरच्या डागावर पावडर टाकली होती. पावडरीनं तेलकटपणा ओढला. मग साबणाचा फेस, मग गार पाणी. गरम पाण्यानं काजळ बसतं.

"ताजा असतानाच धरायचा, सवयच ना हाताला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी आरशावरच्या तिच्या टिकल्या काढल्या, खोबरेल लावून. खिडकीत नखाच्या रंगाचा थेंब व्हता, तो बी काढला. म्हणलं, पंचमीला येईल, घर कसं लख्ख दिसाया पायजे."

तिनं साडी माझ्याकडे सरकवली. "तुझे डोळे कोवळे हायत. बघ की. कुटं काय दिसतंय का?"

मी साडी उजेडात धरली. सुलटी, उलटी, तिरपी. नुकती दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, बहुतेक मास्तरांशी. खांद्यावर एका जागी बोट ठेवलं.

"हाय की अक्का. हितं. काजळ, जरासं."

ती वाकून माझ्या बोटापाशी बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं माझं बोट अलगद बाजूला केलं.

"न्हाय रे. मीच काढलाय. माझ्या हाताखालनं डाग वाचत न्हाय."

मग तिनं माझ्याकडची आईची साडी परत मागून घेतली, अपेक्षाच्या भुवईवर कोरा पांढरा कागद ठेवला, घडीत घासून पुसली जाऊ नये म्हणून, आणि हलक्या हातानं घडी घातली.