पाठीवरून लिहिलेलं निरंक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या भिलाटीच्या अकरा वावरांचा पंचनामा झाला, तो माझ्या पाठीवर बसून झाला.

मी गावचा कोतवाल. तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दवंडीपासून टेप धरण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. नाल्याच्या अलीकडे गावचे बडे बागायतदार अण्णा, त्यांच्या पपया, पलीकडे वळणामागे आम्हा भिल्लांची वावरं. त्या साली वरच्या बाजूला ढग फुटला आणि नाला आमच्या वावरांतूनच वाहिला. पीक सोडा, माती गेली. खालचा मुरूम उघडा पडला.

पंचनाम्याला तलाठी साहेब आले. सकाळभर अण्णांच्या पपईत फिरले. पडलेलं झाड न् झाड मोजलं. मग अण्णांकडे जेवण. मग नाला. पाणी गुडघाभर. साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, अण्णांनी माझ्याकडे.

"वाक रे," अण्णा म्हणाले. आणि साहेबांना, "बसा साहेब. बिनपेट्रोलनी गाडी शे आपली."

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

बेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरींचा बाप, वाकलो. साहेब बसले. त्यांचे बूट माझ्या बरगड्यांना लागत होते. नाल्याच्या मधोमध ते म्हणाले, "थांब. इथून दिसतंय की. फिर मागे."

तिथून फक्त एक निंबाचं झाड दिसत होतं. मला माहीत होतं. वीस पावलं पुढे गेलो असतो तर सगळं दिसलं असतं. "जी," म्हणालो आणि फिरलो.

कोऱ्या फॉर्मवर पंचांचे अंगठे मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवले होते. पद्धतच तशी. शाई घेऊन घरोघर फिरायचं, अंगठे घ्यायचे, मजकूर साहेब मागाहून भरणार. अण्णांच्या ओट्यावर बसून साहेबांनी त्या अंगठ्यांच्या वर एक शब्द लिहिला. निरंक. म्हणजे नुकसान काहीच नाही.

दिवस मावळताना रमी काकी आली. माझ्या बापाच्या चुलतभावाची विधवा. साहेब वावरात आले होते का, म्हणून विचारायला.

"हाव काकी," मी म्हणालो. "सगळं देखं."

भरपाईची यादी लागली. अकरातलं एकही नाव नव्हतं. नावं वरच्या ऑफिसातून कापली, असं मी सांगत फिरलो. लोकांनी मानलं. मी त्यांचाच होतो ना.

काकी त्या दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघाली. पासष्टीची बाई. ट्रकवर चढताना म्हणाली, "साहेबनी देखं तरी लिखं नही. मन्हंच नशीब फुटेल शे." तिनं साहेबाला बोल लावला नाही. मला तर नाहीच. ते वाक्य माझ्या अंगात तेव्हापासून काट्यासारखं आहे. जेवताना टोचतं, मस्टरवर सही करताना टोचतं.

यंदा नाला पुन्हा आला. साहेब नवे. अण्णा तेच.

"वाक रे."

मी उभाच राहिलो. साहेबांना म्हणालो, "पाणी गुडघ्याइतकंच आहे. चालून या. फॉर्म वावरात भरा. अंगठे त्यानंतर."

अण्णांचा आवाज चढला नाही. ते कधीच चढवत नाहीत. "तुले कोतवाल कोन्ही करं, इसरना का?"

"नही अण्णा. पन पाठ मन्ही शे."

साहेबांनी बूट काढले, पॅन्ट वर दुमडली आणि पाण्यात उतरले. कुणी हसलं नाही.

दहा वावरं वावरात उभं राहून लिहिली गेली. त्या लोकांनी चार वर्षं तळ्यातला गाळ डोक्यावर वाहून माती पुन्हा उभी केली होती, तीच वाहून गेली होती. काकीकडे गाळ वाहायला कुणी नव्हतं. तिच्या वावरात दगडच होते. साहेबांनी जुने कागद चाळले. "मागचा पंचनामा निरंक आहे. म्हणजे हे दगड पहिल्यापासूनचे. यंदाचं नुकसान कसं धरू?"

तोडीहून पावसाळ्यापुरती गावी आलेल्या काकीनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या साहेबांनी सगळं पाहिलं होतं, एवढं मी सांगावं म्हणून. अण्णांपुढे सुटलेली माझी जीभ तिच्यापुढे अडकली. मी नाल्याकडे बघत राहिलो.

म्हणून हे लिहितोय. कोऱ्या फॉर्मवर अंगठे मी घेतले. साहेब वावरात गेलेच नाहीत. मी खोटं बोललो. एवढं माझ्या सहीनिशी तहसीलला देणार, आणि ग्रामसभेत उभं राहून वाचणार. पाठीवर कोण बसलं आणि कुणी बसवलं, तेही त्यात आहे. नोकरी जाईल. जाऊ दे. माझ्यावर केस होईल. होऊ दे, पण मग त्या कागदावर ज्यांची ज्यांची सही आहे त्या सगळ्यांवर होऊ दे.

ग्रामसभेच्या आधी मात्र काकीच्या दारात जायचं आहे. तिचं नशीब फुटलेलं नाही. तिचं वावर मी बुडवलं. हे तिच्या तोंडावर सांगणं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.