कुंतलाची गाय आणि क्षेपणास्त्र

“१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी पुन्हा जीप फिरली. कर्णा तोच, निरोप तोच: क्षेपणास्त्राची चाचणी आहे, किनाऱ्याजवळची घरं रिकामी करा.”

एवढं लिहून सुलोचना महापात्रांनी रोजनिशी पिशवीत टाकली. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या चांदीपूरला हे नवीन नव्हतं. याच आठवड्यात वस्ती दोनदा शाळेत जाऊन बसली होती, आणि दोन्ही वेळा चाचणी पुढे ढकलली म्हणून परतली होती.

शेजारची कुंतला मात्र गोठ्यातून हलेना. तिची गाय व्यायला टेकली होती. वाटेत व्याली तर वासरू हाती लागेल की नाही, याचा तिला घोर होता.

“क्षेपणास्त्र भर समुद्रात नेमकं ठरल्या जागी पडतं म्हणे,” ती म्हणाली. “पण उडणार कधी, ते कुणाला ठाऊक नाही. माउसी, तुमच्या यजमानांनी जन्मभर त्या चाचणी केंद्रात केलं तरी काय?”

“त्याला दिशा धरायला शिकवलं, आणि मला वाट बघायला. ऊठ, दावं सोड.”

सुलोचनाबाईंचे गुडघे दुखत होते. तरी दोघींनी गाईला चुचकारत, थांबत थांबत शाळेपर्यंत नेलं. दुपारी तिथल्या चिंचेखाली ती व्याली. तेवढ्यात समुद्राकडून गडगडाट झाला आणि सगळी वस्ती उठून आकाशाकडे बघू लागली. कुंतला कालवडीचं अंग पुसत होती. सुलोचनाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी गाईचं डोकं धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी लिहिलं, “एक जुनी चादर कालवड पुसण्यात गेली. स्वयंपाक केला नाही. रात्री पाण्यात भिजवलेला भात होता, तोच खाल्ला.”